जावई डोंगरावर नेण्याचा बेत

अल्जीयर्स, ३० ऑगस्ट १९८५

ती. नान्ना हिस,
धाकट्या भावाचा, मेझियानचा सलाम. वि. वि.

बकरी ईदला गावी येता आलं नाही, राग धरू नकोस. घरात एक प्रकरण उभं राहिलंय. तुझ्या भाचीनं, नुआरानं, लग्न ठरवलंय. 'ठरवलंय' हा शब्द तिचाच. मुलगा ओरानचा, नाव हुवारी. बाप तिकडे मच्छीमार, हा इथं औषधांच्या दुकानात. आवाज इतका मऊ की वाढायला गेलं तर 'हो' म्हणतोय की 'पुरे', तेच कळत नाही. झहियाला पसंत आहे. पण माझ्या बायकोला काय, जेवून स्वतःचं ताट उचलणारा कोणीही पसंत पडतो.

सरळ नाही म्हटलं तर मायलेकी माझ्याशी बोलायच्या बंद होतील. म्हणून मी सहल काढतो आहे. आपल्या गावामागचं लल्ला खदिजाचं शिखर चढायचं, तंबूत झोपायचं, झऱ्याचं पाणी प्यायचं. डोंगरावर माणसाचं पाणी कळतं. तर सगळ्यात अवघड वाट कोणती, ते कळव. बायका वरच्या दर्ग्याला जातात ती नको. आणि तुझ्याकडे उतरणार नाही. तू त्याला कुसकुस वाढशील आणि तिथंच तो पास होईल.

लोभ आहे, तो या पत्रामुळे आटू नये.
तुझा मेझियान

*

गाव, ८ सप्टेंबर

चि. मेझियान यास,
अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. अंजीर वाळत घातलेत, म्हणून उत्तराला उशीर. आता आपला डोंगर राष्ट्रीय उद्यान झाला, ठाऊक असेलच. साहेबांनी मोठी पाटी लावली आहे: फुलं तोडू नयेत, प्राण्यांना खायला घालू नये. माकडं पाटीवर बसून येणाऱ्यांच्या हातची भाकरी पळवतात. त्यांना कोणाला घालावं लागत नाही.

अवघड वाट म्हणजे ताला रानाच्या झऱ्यावरून पश्चिमेच्या धारेची. दोन्हीकडे दरी. दुपारनंतर ढग उतरतो, मग स्वतःची चप्पलसुद्धा दिसत नाही. तेव्हा उन्हं माथ्यावर यायच्या आत परत फिरायचं. हे मुलासाठी नाही, तुझ्यासाठी लिहिते. इतकी वर्षं तू सरकारी खुर्ची चढतो-उतरतो आहेस, ती धार खुर्चीपेक्षा उंच आहे.

सख्ख्या बहिणीचं घर समोर असताना भाऊ तंबूत झोपला, हे मी गावाला कसं सांगायचं, ते तूच सुचव. आणि एक विचारते. मुलगा नापास झाला तर काय म्हणायचं, ते तू मनात घोकून ठेवलं असशील. पास झाला तर? त्याबद्दल पत्रात एक ओळ नाही.

झहियाला आशीर्वाद. माया आहे, ती न मागताही मिळेल.
तुझी नान्ना तस्सादित

*

अल्जीयर्स, १५ सप्टेंबर

ती. नान्ना हिस,
सलाम. वि. वि.

गुरुवारी निघतो, नुआराही सोबत येते आहे. हुवारी लगेच तयार झाला, तेव्हाच मला संशय आला. त्यानं दोनच गोष्टी विचारल्या: वर थंडी असते का, आणि माकडं चावतात का. मी म्हटलं, दोन्ही. नुआरा हसली, तो हसला नाही.

मी रोज शहरातले जिने चढून सराव करतो. नवे बूट चावले, टाचा सोलल्यात. झहियाला कळवू नकोस. पास झाल्यास काय, हे तू विचारलंस. तशी वेळ येणार नाही.

कृपा असू द्यावी.
मेझियान

*

गाव, २२ सप्टेंबर

चि. झहिया हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी हे वाच: सगळे जिवंत आहेत. तुझा नवरा माझ्या घरात आहे, पाय सुजलाय, तोंड शाबूत आहे.

धारेवर अर्ध्यात पोचल्यावर हुवारी खाली बसला. म्हणाला, काका, मला भीती वाटते, डोकं गरगरतंय, मी पुढे येत नाही. ढग येतोय, तुम्हीही जाऊ नका. मेझियानला असा आनंद झाला म्हणे, जणू शिखरच हाती आलं. नुआराला म्हणाला, ने तुझ्या वाघाला खाली! आणि एकटाच पुढे गेला. किती हाका मारल्या पोरीनं. मागे वळून पाहील तर तो मेझियान कसला?

मग ढग उतरला. नुआरा मदत आणायला खाली गावात धावली. आम्ही खेचर घेऊन निघालो, पण वर कुठे शोधणार? तेवढ्यात ठण् ठण् आवाज कानी आला. हुवारी होता त्याच जागी बसून दगडानं सामानातलं पातेलं बडवत होता. समुद्रावर धुकं आलं की किनाऱ्यावरच्या बायका डबे बडवतात, होड्यांना घराची दिशा कळते, असं त्यानं नंतर सांगितलं. पातेल्याचा पार चेंदामेंदा, बोटं सोललेली, डोळे गच्च मिटलेले. दरी दिसू नये म्हणून. संध्याकाळी त्या आवाजाच्या रोखानं तुझा नवरा रांगत रांगत आला. पाय मुरगळून एका कपारीत अडकला होता.

दोघांना एकाच चादरीत गुंडाळून खेचरावरून खाली आणलं. घरी मी कुसकुस वाढलं. मेझियाननं स्वतःच्या ताटातला मांसाचा मोठा तुकडा उचलून मुलाच्या ताटात टाकला आणि लगेच भिंतीकडे बघत बसला. मीही भिंतीकडेच बघितलं. अशा वेळी बघणं बरं नसतं.

काळजी करू नकोस. येताना त्याला टोमणे मारू नकोस, ते काम मी उरकलंय.
तुझी तस्सादित

*

अल्जीयर्स, २० ऑक्टोबर

ती. नान्ना हिस,
सलाम. वि. वि.

पायाची पट्टी काल सुटली. हुवारी रोज संध्याकाळी येऊन माझा पाय चोळून जायचा. इथं कोणालाही त्यानं धारेवरची गोष्ट सांगितली नाही, हे मला जास्त लागलं. शेवटी मीच विचारलं, तुला तिथं एकट्याला भीती नाही वाटली? म्हणाला, सगळा वेळ वाटत होती काका, म्हणून तर इतक्या जोरानं बडवत होतो. लग्नाला हो म्हणून मोकळा झालो. झहियानं शेजारपाजारी मिठाई वाटली, माझ्या हाती मात्र बडीशेप ठेवली, म्हणाली, गिळलेले शब्द पचायला.

परंतु गोष्ट इथं संपत नाही. काल ओरानहून त्याच्या बापाचा निरोप आला. मुलगी त्यांना पसंत आहे. पण सोयरिक जुळण्याआधी व्याही कसे आहेत, ते जवळून पाहायचंय. तेव्हा मी दोन दिवस त्यांच्यासोबत मासेमारीला यावं. होडी लहान आहे, समुद्र सध्या जरा खवळलेला असतो, आणि समुद्रात माणूस कळतो, असं त्यांचं म्हणणं.

नान्ना, मला पोहता येत नाही. नुआरा म्हणते, त्यात काय बाबा, भीती वाटली की तसं मोठ्यानं सांगायचं. कालपासून दार लावून आरशासमोर सराव करतो आहे. अजून आवाज फुटत नाही.

तुझा लोभ या वेळी खरोखरच लागणार आहे.
मेझियान