विहिरीच्या चढावरची गाडी

२१ मार्च
चेन पुन्हा उतरली. गाडी रिकामी, तरी! इंजिनाचं दातेरी चाक आणि मागच्या एक्सलचं एका रेषेत नाहीत. डोळ्याला सरळ दिसतात. सुतळी ताणून पाहिली तर बोटभर फरक.

ममता शिमग्याला पोशेऱ्याला माहेरी गेली, ती आली नाही. आठवडा झाला.

२२ मार्च
इंजिनाची बैठक कापून बोटभर डावीकडे सरकवली. चेन जागेवर राहिली.

२ एप्रिल
आमच्या पाड्याची विहीर खाली, घरं वर. गेल्या उन्हाळ्यात त्याच चढावर ममता दोन हंड्यांसकट घसरली, मनगट मोडलं. मी तेव्हा ठाण्याला कारखान्यात. दिवाळीला कायमचा परत आलो, पण त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही. पाण्यालाच कंटाळली असणार. म्हणून ही तीनचाकी — जुन्या मोटारसायकलचं इंजिन, मागे चार कॅन मावतील एवढी जागा. गाडी चढ चढली की तिला आणायला जायचं. आधी कोणत्या तोंडाने जाऊ?

७ एप्रिल
शेजारच्या गोजाबाईने विचारलं, ममता कधी येते. म्हटलं, गाडी झाली की. ती भाकरी ठेवून गेली.

१५ एप्रिल
चार कॅन भरून चढवली. निम्म्या चढावर इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी जागेवर. क्लचप्लेट जळाल्याचा वास. चाकाला दगड लावला आणि कॅन एकेक करून खांद्यावरून वर नेले. तिसऱ्या खेपेला खाली बसलो. ममता रोज सहा खेपा करायची.

१८ एप्रिल
जव्हारला गेलो. लेथवाले वामनदादा म्हणाले, इंजिनात ताकद आहे, ती चाकापर्यंत पोचत नाही. मधे एक शाफ्ट टाक, लहान चाकावरून मोठ्यावर चेन घे. वेग जाईल, ओढ येईल. शाफ्ट करून देतो म्हणाले.

या आठवड्यात माणसाशी एवढं बोललो ते आजच.

२९ एप्रिल
मधला शाफ्ट बसला. आता दोन चेनी. वळताना मागचं चाक घासत होतं, म्हणून एकच चाक एक्सलला पक्कं ठेवलं, दुसरं मोकळं.

ममताचा फोन येऊन गेला. ग्राइंडर चालू होता, ऐकू आला नाही. परत लावला नाही. सांगण्यासारखं अजून काही झालं नव्हतं.

६ मे
चढली! चार कॅन, पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीने, कुठेही न थांबता. वर पोचून इंजिन बंद केलं. गोजाबाईला दाखवायची होती — ती खोडाळ्याच्या बाजाराला गेलेली. तिच्या दारात दोन कॅन उतरवले.

७ मे
गाडी घेऊन पोशेऱ्याला गेलो. ममता अंगणात आली. तिला शाफ्ट दाखवला, दोन्ही चेनी दाखवल्या, चढ कशी घेते ते सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

म्हणाली, "मी पाण्याला कंटाळून नाय आले. हात मोडला तेव्हा तू फोनवर एवढंच विचारलंस, कोणत्या दवाखान्यात नेलं. घरी आलास तरी गप्पच. घरात दोन माणसं, नि आवाज नाय."

मी चेनीवरचा हात काढला.

"इंजिनाचं एवढं बोललास," ती म्हणाली, "आता माझ्याशी बोल."

८ मे
अजून पोशेऱ्यातच आहे. परत यायचं का, ते तिने सांगितलेलं नाही.

मी बोललो. काय बोललो ते इथं लिहीत नाही.