आमच्याच नियमात न बसलेले आम्ही

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून (म्हणजे कंबर परवानगी देईल तितकंच वाकून) नमस्कार.

तू बरी असशीलच, तुझ्या वाटेला जायला आजारपणंही घाबरतात. दाजींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना सांग, जिना चढताना पायऱ्या मोजू नका, मोजल्या की त्या वाढतात. आम्ही मजेत आहोत. हे पत्र काही मागण्यासाठी नाही, निव्वळ खुशालीचं आहे. फोन केला नाही, कारण तू फोन स्पीकरवर टाकून भांडी घासतेस आणि माझी खुशाली सगळ्या घराला कळते. सगळ्या घराला म्हणजे विशेषतः तुझ्या धाकटीला.

आता तिचा विषय निघालाच आहे (मी काढलेला नाही), तर सांगतो. गेली अकरा वर्षं आम्ही काही रिकामटेकडी मंडळी (शब्द तुझाच) वाचनालयांसाठी पुस्तकांच्या देवघेवीचं सॉफ्टवेअर चालवतो. ओपन सोर्स आहे, म्हणजे कुणीही फुकट घ्यावं, आतला कोड उघडून बघावा, दुरुस्त करावा आणि वर आम्हालाच चार शब्द सुनवावेत. त्याला जोडून धाकटीने एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. ज्यांची नजर अधू झाली आहे अशा वाचकांना फोन जातो, नव्या पुस्तकांची यादी ऐकवली जाते, त्यांनी नुसतं 'तीन नंबर' म्हटलं की ते पुस्तक त्यांच्यासाठी बाजूला ठेवलं जातं. फार सुंदर काम आहे (हे मी तिला अजून सांगितलेलं नाही). तिचं म्हणणं एवढंच होतं, की मामा, याला तुमच्या छपराखाली घ्या. उद्या नोकरीच्या धबडग्यात मला वेळ मिळाला नाही तर ते बेवारस पडू नये, आणि तुम्ही तिकडे काही बदललंत तर इकडचे फोन मुके होऊ नयेत.

यावर कुठलाही शहाणा मामा 'ये बाई' म्हणाला असता. पण मी मामा नव्हतो, समितीचा अध्यक्ष होतो. समितीत आम्ही तिघं. मी, एक दातांचे डॉक्टर आणि एक निवृत्त मोजणीदार, ज्यांना कुठलीही गोष्ट हद्द आखल्याशिवाय दिसतच नाही. बैठक व्हिडिओ कॉलवर असते, डॉक्टर तिला दवाखान्यातूनच हजर राहतात, समोर खुर्चीत पेशंट असतो. एकदा मोजणीदारांची लाइन तुटली आणि मत एकाला एक पडलं, तेव्हा पेशंटने केलेला 'आँ' आम्ही संमती म्हणून नोंदवला. अशा गंभीर वातावरणात चौदा पानी नियम तयार झाले. नवा प्रकल्प किमान दोन वर्षांचा जुना हवा. दहा वाचनालयांत चालू हवा. सांभाळणारे तीन हवेत, आणि त्या प्रत्येकाने गेल्या तीन महिन्यांत कोड लिहिलेला हवा. शिवाय सगळ्या किल्ल्या (म्हणजे पासवर्ड आणि परवानग्या) समितीच्या हाती हव्यात. धाकटीचं सॉफ्टवेअर सात महिन्यांचं आणि सांभाळणारी ती एकटी. मी तिला 'आपला अर्ज विचारार्थ घेता येत नाही' असं कळवलं. सख्ख्या भाचीला! तिचं उत्तर आलं, 'आदरणीय समिती, आभारी आहे.' त्यानंतर माझ्या फोनला उत्तर नाही. ताई, खरं सांगतो, ते 'आदरणीय' फार लागलं. आणि त्याहून खरं म्हणजे, मला भीती वाटली होती. तिचं हे पोर (म्हणजे सॉफ्टवेअर) आमच्या अंगणात आलं असतं तर लोक आमच्याकडे बघेनासे झाले असते.

पुढची गंमत ऐक. मोजणीदारांना चेव चढला. नियम नुसते कागदावर कशाला, म्हणून त्यांनी एक तपासनीस प्रोग्राम लिहिला. दर सोमवारी सकाळी तो आमच्या छपराखालचा प्रत्येक प्रकल्प तपासणार आणि नियमात न बसणाऱ्याला कुलूप घालणार, म्हणजे त्याच्या कोडमध्ये कुणालाच काही बदलता येणार नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. आमच्या छपराखाली प्रकल्प एकच आहे आणि तो आमचाच आहे, हे त्या टाळ्यांत कुणाच्या लक्षात आलं नाही. तीन महिन्यांत डॉक्टरांनी फक्त माहितीपुस्तिकेतले स्वल्पविराम हलवले होते, मोजणीदारांनी फक्त नियम आणि हा तपासनीस लिहिला होता, आणि तपासनीस स्वतःला प्रकल्पाच्या कोडमध्ये धरत नाही. उरलो मी एकटा. सोमवारी दहा वाजता अकरा वर्षांच्या कामाला कुलूप पडलं. ते उघडायला तीन सक्रिय सांभाळणारे लागतात, सक्रिय व्हायला कोड लिहावा लागतो आणि कोड लिहायला कुलूप उघडावं लागतं. किल्ल्या अर्थातच समितीच्या हाती, आणि समितीने त्या तपासनिसाच्या हवाली केलेल्या.

बुधवारी एका वाचनालयातून तक्रार आली. परत आलेलं प्रत्येक पुस्तक एका वृद्ध न्यायाधीशांच्या नावावर चढतंय. त्यांच्या नावावर आजमितीस चारशे बारा पुस्तकं आहेत, त्यातली सदतीस रंगवायची. दुरुस्ती एका ओळीची आहे, मला येते, पण घालू कुठे? कोड उचलून दुसरीकडे न्यायला कुणाची बंदी नाही. फक्त ती दुसरी जागा हवी, जिथे वाचनालयं विश्वासाने येतील.

असो. बाकी सर्व ठीक. दाजींना नमस्कार, धाकटीला आशीर्वाद (घेत असेल तर).

तुझा,
धाकटा

ता. क. आता पान उरलंच आहे म्हणून लिहितो. धाकटीने स्वतःचं छप्पर उभारलंय. नियम एकच पान. वयाची अट नाही, नाव ज्याचं त्याच्याकडे, किल्ल्या ज्याच्या त्याच्याकडे, एकट्याला झेपेना तर मदतीला माणूस शोधून देणार, आणि पटलं नाही तर आपलं सामान उचलून जायला मोकळीक. चार प्रकल्प आलेत. पाचवा घेशील का, एवढं तिला विचारशील? अर्ज सोबत जोडलाय.

ता. क. २. दाजींकरवी विचारू नकोस, ते आधी हसतील. समितीलाही कळू देऊ नकोस. त्यांचे दोघांचे अर्ज बहुधा पुढच्या टपालाने येतील.

ता. क. ३. अर्जात एकच प्रश्न अवघड होता, 'उद्या तुम्हाला जमेनासं झालं तर हे कोण सांभाळेल?' दोन दिवस ती जागा कोरी होती. मग तिला न विचारताच तिथे तिचं नाव लिहिलं. तिने खोडलं तर तू मध्ये पडू नकोस. फक्त खोडण्याआधी तिचा हात जरा थांबला का, तेवढं बघून कळव.