टॅबलेटमधलं हृदय आणि माझं तोंड

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

उपकरणं कपाटात, किल्ली कार्यालयात आणि पोरं कोऱ्या फळ्यासमोर, हा अन्याय जन्मभर सोसलेल्या तमाम विज्ञानशिक्षकांत एक तू, एक मी. गुडघा कसा आहे? भाऊजी अजून तेल चोळून देतात, की आता नुसता सल्ला? इकडे सगळे मजेत. (मी जरा जास्तच.)

तर ताई, आमच्या वर्गात टॅबलेट आले! ठिपक्यांचं एक कार्ड ठेवायचं, टॅबलेटमधून त्याच्याकडे पाहायचं, की कार्डाच्या जागी धडधडतं हृदय उभं. पडद्यावर बोट लावलं की ते उघडतं, आतल्या झडपा दिसतात. आजवर आपण फळ्यावर बटाटा काढून "हे हृदय समजा" म्हणत आलो (आणि पोरांनी परीक्षेत इमानेइतबारे बटाटाच काढला). अशा वर्गात ही क्रांती! क्रांतीला भाषण हवंच, आणि भाषणाला दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून मी ते कार्ड टाचणीने शर्टाच्या खिशावर लावलं. हृदय जिथे असतं तिथेच दिसेल, हा त्यातला शास्त्रीय विचार.

माझे हातवारे तुला ठाऊक आहेत. मी अज्ञानावर तुटून पडलो की हृदय खिडकीकडे, घोकंपट्टीवर घसरलो की दाराकडे. पोरं टॅबलेट धरून माझ्यामागे धावताहेत, बाकांना ठेचकाळताहेत, आणि मी मनात म्हणतोय, काय हा श्रोतृवर्ग! तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई आल्या. एकीच्या टॅबलेटमधून त्यांनी पाहिलं. टाचणी निसटून कार्ड माझ्या पट्ट्यापाशी लोंबत होतं. "सर," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचं काळीज पोटात उतरलंय."

वर्ग खिदळला. पण मागच्या बाकावरची एक मुलगी, जी वर्षभर हजेरीपलीकडे बोललेली नाही, ती म्हणाली, "सर, तुम्ही जरा गप्प उभे राहता का? मला झडप बंद होताना बघायचीय."

गप्प! मी! (भाऊजींना हे वाचून दाखवू नकोस.) पण राहिलो उभा. ती जवळ येऊन बघत राहिली आणि शेजारणीला म्हणाली, "अगं, रक्त मागे फिरू नये म्हणून दार लागतंय बघ! छातीतला आवाज या दारांचाच!" हेच मी इतकी वर्षं टेबल बडवून सांगत आलो, आणि तिला ते मी तोंड मिटल्यावर कळलं. राग यायला हवा होता, ताई. उलट इतकं बरं वाटलं, की पुढचा तासभर मी खांबासारखा उभा होतो.

आता बाईंनी अट घातलीय. शनिवारी पालकांसमोर हाच पाठ असाच, म्हणजे माझ्या भाषणाशिवाय, झाला तर टॅबलेट वर्गात राहतील. नाहीतर तेही कपाटात.

तुझा,
धाकटा

ता. क. शनिवारसाठी लिहिलेलं भाषण मी फाडून टाकलं आहे.

ता. ता. क. फाडलं ते कच्चं होतं. पक्कं पाठ आहे, आणि ते फाडता येत नाही. म्हणून कृपा कर, शनिवारी ये, पहिल्या रांगेत बस, आणि मी घसा खाकरला रे खाकरला, की डोळे वटार!