छटाकच्या जेवणाची आणि उरलेल्या मालमत्तेची व्यवस्था

मी, वजनकाटे दुरुस्त करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही गोड बोलण्याला न भुलता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, तो सोबत जोडला आहे. स्वभावाचा दाखला मागितला होता, ते नुसते हसले.

कलम १. राहतं घर थोरल्या मुलाला आणि धाकट्या मुलीला निम्मं निम्मं. बँकेत जे असेल तेही तसंच. भांडायचं असल्यास जिन्यात भांडावं, तिथे आवाज घुमतो आणि माणसाला लवकर लाज वाटते.

कलम २. दुकान, हत्यारं आणि पितळी वजनांची पेटी सुनेला. पोटच्या पोरांना पाना आणि पक्कड यांतला फरक अजून कळत नाही. ही मात्र लग्न होऊन आली त्याच महिन्यात माझ्या शेजारी बसून काटे उघडायला शिकली. यावर कोणी नाक मुरडू नये.

कलम ३. आता मुख्य मालमत्ता, म्हणजे माझा कुत्रा छटाक. आला तेव्हा दुरुस्तीला आलेल्या सोनाराच्या काट्याच्या पारड्यात मावला होता, म्हणून हे नाव. आज वय सहा, वजन छत्तीस किलो. गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, अठ्ठावीस हवं. दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना तो दुसरीवर बसतो आणि माझ्याकडे असा बघतो, जणू तिसरी पायरी मीच मुद्दाम बांधून घेतली. हे असंच चाललं तर तो माझ्याआधी जाईल. ते मला मंजूर नाही.

कलम ४. कारणे लिहून ठेवते. घरातला प्रत्येक जण शपथेवर सांगतो की मी त्याला काही घालत नाही. थोरला पावाच्या कडा देतो आणि वर म्हणतो, "आई, एवढ्याशाने काय होतं?" सून चीज किसताना चुरा खाली सोडते. "अहो आई, तो बघतच बसतो हो!" धाकटी माहेरी येते तेव्हा पर्समध्ये रुमाल नसतो, बिस्किटं असतात. मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही, माझं ताट विसळण्याआधी त्याच्या जिभेखालून जायचं.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी टेबलावर डबा ठेवला आणि हुकूम काढला, आज ज्याला जे एवढंसं द्यायचं असेल ते कुत्र्याच्या तोंडात न टाकता डब्यात टाकावं. संध्याकाळी सगळ्यांदेखत डबा काट्यावर ठेवला. सहाशे चाळीस ग्रॅम! त्याचं दोन वेळचं जेवण मिळून एवढं भरत नाही. थोरल्याने विचारलं, "डब्याचं वजन वजा केलंस का?" चव्वेचाळीस वर्षं काटे दुरुस्त करणाऱ्या आईला हा प्रश्न! त्याच दिवशी मी त्याचा घरातला वाटा कापणार होते, सुनेने हात धरला म्हणून वाचला.

कलम ५. छटाक ज्याच्याकडे जाईल त्याने डॉक्टरीणबाईंचा कागद पाळावा. तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. दिवसातून दोनच वेळा, आणि मोजून. उकडलेलं बिनचरबीचं मांस, थोडा भात, गाजर, भोपळा, फरसबी आणि त्यांनी दिलेली पूड. मीठमसाला नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका आणि चॉकलेट औषधालाही नको. शिजवलेलं हाड तर नकोच, ते फुटून आतड्यात रुततं. नवं अन्न एकदम सुरू करू नये, जुन्यात मिसळत आठवडाभरात आणावं. बक्षीस द्यायचंच झालं तर गाजराचा तुकडा. आधी तो तोंड फिरवील. फिरवू द्यावं. थोरल्यानेही लहानपणी फिरवलं होतं.

कलम ६. धाकटीने छटाक मागितला आहे. "आई, माझ्याकडे तो राजासारखा राहील गं!" तीच तर भीती आहे. म्हणून नियम करते. ज्याला पाहून छटाकची शेपूट हलेल पण लाळ गळणार नाही, छटाक त्याचा.

असा माणूस मला एकच आढळला, समोरच्या घरात राहणारे माझे धाकटे दीर. भावजींनी छत्तीस वर्षं टपाल वाटलं. एका कुत्र्याला खाऊ घातला की गल्लीभर मागे लागतात, म्हणून त्यांनी कधी कोणाला कण दिला नाही. तरी छटाक रोज सकाळी रस्ता ओलांडून त्यांच्या दाराशी बसतो आणि ते बाहेर आले की सबंध अंग हलवतो. मी खिडकीतून बघते. तोंड कोरडं ठणठणीत असतं.

कलम ७. दुकानातला तबकडीचा मोठा काटाही भावजींनाच. त्याची कथा अशी. डॉक्टरीणबाईंनी दर रविवारचं वजन कळवायला सांगितलं होतं. वजन उतरेना, आणि त्याची वाटी अर्धी करायला माझा हात धजेना. हे गेल्यापासून घरात माझ्या हातचं मिटक्या मारत खाणारा तो एकटाच. मी तबकडीची सुई चार किलो मागे सरकवली. शून्यापाशी खिळा असतो, सुई त्याला टेकून राहते, त्यामुळे रिकामा काटा अगदी साळसूद दिसायचा. घरात आनंदीआनंद झाला आणि छटाकला शाबासकी म्हणून आणखी खायला मिळालं.

भावजी गंमत म्हणून त्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, काल दवाखान्यात चार किलो जास्त भरलो होतो, आणि कालपासून मी काही उपाशी नाही. तुमचा काटा खोटा आहे."

गिऱ्हाइकांसमोर! मी त्यांना दुकानाबाहेर काढलं. त्याला अकरा महिने झाले, आम्ही बोललेलो नाही.

भावजी, तुम्ही म्हणालात ते खरं होतं. आयुष्यात एकच काटा खोटा केला आणि तो नेमका तुम्हाला सापडला. चुकले मी. सुई आता जागेवर आहे.

कलम ८. वकीलसाहेब म्हणतात, मृत्युपत्र मेल्यावरच लागू होतं. माझी काही घाई नाही, पण छटाकला तेवढा वेळ नाही. तेव्हा कलम पाच, सहा आणि सात उद्या सोमवारपासून लागू समजावीत. या कागदाची नक्कल आज संध्याकाळी मी स्वतः रस्ता ओलांडून देऊन येईन. पट्टा दाराजवळच्या खुंटीला आहे. सकाळी साडेसहाला यावं.

ठिकाण: दुकानातलं मोठं टेबल. दिनांक सोळा, रविवार.
सही: काटेवाली

आम्हा दोघांसमोर बाईंनी राजीखुशीने सही केली. त्या वेळी छटाकने दुसऱ्या साक्षीदाराकडे पाहून भरपूर लाळ गाळली. साक्षीदार खाटीक असल्याने तो पुरावा धरू नये.
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई २. कोपऱ्यावरचे खाटीक

पुरवणी, चार महिन्यांनंतर. मी हयात आहे. वरील सगळी कलमं कायम. आज छटाक बत्तीस किलो भरला. भावजी आधी स्वतः काट्यावर उभे राहिले, सुई पाहिली आणि मान डोलावली. छटाक आता तिन्ही पायऱ्या एका दमात चढतो. आज फिरून आल्यावर तो सरळ माझ्यापाशी आला. माझे दोन्ही हात रिकामे होते आणि त्याला ते दिसत होतं. तरी शेपूट हलत होती. मी त्याच्या तोंडाखाली तळहात धरून पाहिला. कोरडा राहिला.
सही: तीच