अष्टमीचा कावळा आणि वेदिकाची मांजरं

३ सप्टेंबर, बुधवार

संकल्प. अष्टमीच्या आत दोन्ही मांजरं घराबाहेर. अष्टमी चौदा तारखेला, रविवारी. यात बदल नाही.

सकाळी वॉकला जायला बुटात पाय घातला तर आत काहीतरी ओलं आणि मऊ. उंदीर. म्हणजे पुढचा अर्धा. मागचा अर्धा कुठे आहे ते संध्याकाळपर्यंत कळलेलं नाही. मोजा फेकला, पाय तीनदा साबणाने धुतला, तरी दिवसभर तो पाय माझा वाटत नव्हता. योगिनी म्हणाली, प्रेमाने आणतात हो, गिफ्ट असतं ते. लग्नाला तीस वर्षं झाली, मी आणलेल्या एकाही वस्तूला हिने गिफ्ट म्हटलेलं नाही.

मांजरं वेदिकाची. लेक पुण्याला नोकरीला गेली तेव्हा पंधरा दिवस सांभाळा म्हणाली. तो फेब्रुवारी होता. नाचो बोका, पिवळा, ढोल्या, कुणाला न जुमानणारा. मोमो मांजरी, पांढरी, तोंडावर गरीब, आतून बदमाश. अंगाचा कुठलाही भाग चाटायचा आणि तीच जीभ माझ्या ताकाच्या भांड्यात घालायची. शिसारी येते. ताक सोडलं आहे.

४ सप्टेंबर

वेदिकाला फोन करून स्पष्ट सांगितलं, येऊन घेऊन जा. तिने व्हिडिओ कॉल लावायला सांगितला, नाचोशी दहा मिनिटं बोबडं बोलली, त्याला सांगितलं बाबांना सांभाळ, आणि मीटिंग आहे म्हणून ठेवून दिला. मुद्दा तिच्यापर्यंत पोचला आहे.

अष्टमीचं असं आहे. ती अण्णांची तिथी. वडील जाऊन तीन वर्षं झाली, दर वर्षी पितर घोटीला दादाकडे जेवतात. यंदा मी भांडून तिथी नाशिकला आणली. दादा म्हणाला, आण बाबा, तुझं बी घर हाय. हे तो ज्या सुरात म्हणाला तो सूर मला आवडला नाही.

अण्णा या घरी एक रात्रसुद्धा राहिले नाहीत. वास्तुशांतीला आले, जेवले, आणि भाताला पाणी धरायचंय म्हणून दुपारच्या एसटीने परत गेले. श्रावण होता. घोटीला भात गळ्यापर्यंत पाण्यात होता. मला वाईट वाटलं नाही. पण यंदा त्यांनी माझ्या गच्चीवर यायचं आणि माझ्या हातचा घास घ्यायचा. कावळा शिवला पाहिजे, आईसमोर, दादासमोर, आणि पटकन. एवढंच हवंय मला.

५ सप्टेंबर

आयुष्यभर क्वालिटीत काढलं. ट्रायल न घेता आमच्या कंपनीतून साधा वॉशर बाहेर जात नसे. मग कावळा ऐन वेळेवर का सोडायचा? आजपासून रोज दुपारी बारा वाजता गच्चीच्या कठड्यावर पोळीचे तुकडे, शेव, थोडा दहीभात. अष्टमीपर्यंत कावळ्यांना वेळ आणि जागा पाठ होईल. दादाला हे सुचलंच नसतं. तो पान ठेवतो आणि वर बघत बसतो.

आज दोन कावळे आले. योगिनी म्हणाली, कावळ्यांना लाच कशाला? याला प्रोसेस कंट्रोल म्हणतात.

७ सप्टेंबर

पाच कावळे. वेळेवर. एक तर बारा वाजायच्या आधीच हजर होता, कंपनीत अशी माणसं मिळाली नाहीत.

नाचो आणि मोमो पाण्याच्या टाकीमागे बसून बघत असतात. शेपटीचं टोक तेवढं हलतं. बघू देत. शिस्त म्हणजे काय ते कळेल.

उंदराचा मागचा अर्धा सापडला. मिक्सरच्या मागे. वर्णन करत नाही. जेवलो नाही.

८ सप्टेंबर

खबरदारी म्हणून मांजरांच्या गळ्यात घंटा बांधायचं ठरवलं. ही म्हण ज्याने काढली त्याच्याकडे प्लॅनिंग नव्हतं. मी मेन रोडवरून दोन घुंगरं आणली, वेल्डिंगचे हातमोजे घातले, मोमोला टॉवेलमध्ये गुंडाळलं. मोमोच्या गळ्यात घंटा बसली. पन्नास टक्के यश.

नाचोने ओरबाडायला हातमोज्याच्या वरचा भाग निवडला. कोपरापर्यंत. शिवाय जाता जाता देवघरासमोरच्या आसनावर मुतला. हा वास असा आहे की उदबत्ती लावली तर उदबत्तीचा वास येतो आणि हाही येतो. टीटीचं इंजेक्शन घेतलं. डॉक्टरांनी विचारलं, काय चावलं? बिबट्या म्हणालो असतो तर त्यांनी मान तरी दिला असता.

९ सप्टेंबर, दुपारी

शी. शी. शी.

जेवून आडवा व्हायला गेलो तर माझ्या बाजूला, चादरीवर, मेलेला कावळा. मान एकीकडे, पंख पसरलेले, डोळा उघडा. शेजारी नाचो, तोंडाला काळं पीस, चेहऱ्यावर माझ्याकडून शाबासकीची अपेक्षा. मला ओकारी आली. पितृपक्षात, माझ्या अंथरुणात, कावळा. कुणाचे वडील असतील कुणास ठाऊक.

योगिनीने हात लावायला नकार दिला. म्हणाली, रोज बारा वाजता वाढून ठेवता, मग ते काय करणार? मांजरांना पण वेळ पाठ झाली ना. हा मुद्दा मला मान्य नाही.

मीच कावळा पायांना धरून खाली नेला, कढीपत्त्याखाली पुरायला. तारेवर दुसरा कावळा बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. गैरसमज व्हावा असंच दृश्य होतं.

१० सप्टेंबर

ट्रायलचा रिझल्ट अपेक्षेपेक्षा चांगला. आज मोजता येणार नाहीत एवढे कावळे. तारेवर, टाकीवर, समोरच्या बिल्डिंगच्या डिशवर. मी दार उघडताच सगळे एकदम ओरडायला लागले. ओळखतात मला.

दोघांनी डोक्यात टोच मारली. सलगी वाढली की असं होतं.

१२ सप्टेंबर

हेल्मेट घालून गच्चीवर जातो. घास ठेवतो, कावळे घासाकडे ढुंकून बघत नाहीत, माझ्याकडे बघतात. दूध आणायला गेलो तरी कोपऱ्यापर्यंत डोक्यावरून येतात. शेजारच्या लताबाई म्हणाल्या, अहो, कावळा मारलात का काय तुम्ही? त्यांना समजावत बसलो नाही. लोकांना वरवरचं दिसतं. मला एवढंच दिसतं की कावळ्यांची कमी नाही आणि अष्टमी परवावर आली आहे.

दादाला फोन करून सांगितलं, कावळ्यांची काळजी करू नको, माझ्याकडे भरपूर आहेत.

१३ सप्टेंबर, संध्याकाळी

दादा, ललितावहिनी आणि आई आले. दादाने पिकअपमधून घरचा तांदूळ आणला, लोणी आणलं, अळूची पानं आणली. जसं काही नाशिकला काही मिळतच नाही.

नाचो सरळ जाऊन दादाच्या मांडीवर बसला. मला सात महिन्यांत फक्त ओरबाडलं आहे. माणसाची पारख नाही जनावराला.

मांजरं अजून घरात आहेत हे खरं. पण संकल्पाची मुदत तशी उद्यापर्यंत आहे. उद्या सकाळपासून दोघांना खालच्या बाथरूममध्ये बंद करणार. कडी तपासली. पक्की आहे.

१४ सप्टेंबर, अष्टमी

शांतपणे लिहितो.

पान सुंदर झालं होतं. तांदळाची खीर, कढी, वडे, पुऱ्या, अळूवड्या, गवार, भोपळा. बाराला गच्चीवर ठेवलं. सगळे हात जोडून मागे उभे. आईला खुर्ची. आभाळात कावळेच कावळे, गोल गोल फिरतायत, नुसता कलकलाट. दादा म्हणाला, लय हायेत रे खरंच. तो क्षण चांगला होता.

मग एकही खाली उतरेना.

वहिनी म्हणाल्या, काहीतरी इच्छा राहिली असंल, बोला. दादा म्हणाला, अण्णा, बांधावरचा आंबा तोडणार नाय. नाही. योगिनी म्हणाली, वेदिकाचं लग्न ठरवू. नाही. मी पुढे झालो. म्हणालो, अण्णा, वरची खोली तुमचीच समजून ठेवली आहे. खिडकीला जाळी बसवली आहे. रात्री इथे आवाज नसतो. वरून एका कावळ्याने माझ्या सदऱ्यावर घाण केली. पांढऱ्या सदऱ्यावर. कोमट होती.

पाऊण तास झाला. दादा कुणाकडे न बघता म्हणाला, दुसरं पान घेऊ का बांधून, घोटीला ठेवतो. लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय? मेल्यावरसुद्धा यायचं नाही, एवढं काय वाईट आहे माझ्या घरात?

तेवढ्यात कठड्यावरून नाचो. बाथरूमची कडी पक्की होती, खिडकीच्या काचा नव्हत्या. मी धावलो तर आईने काठी आडवी धरली. म्हणाली, थांब, गोरख.

नाचो पानासमोर बसला. आधी खीर खाल्ली, सगळी. मग वडा. गवार पंजाने पानाबाहेर लोटली. आमच्याकडे पाठ केली आणि मिशा पुसत बसला.

आई म्हणाली, आले ते. दादा म्हणाला, आई, मांजर हाय ते. आई म्हणाली, खीर आधी कोण खायचं? जन्मात गवारीला हात लावला का त्यांनी? आणि जेवून झाल्यावर कुणाशी बोलले का कधी?

वहिनींनी पदर घेतला आणि बोक्याला नमस्कार केला.

१५ सप्टेंबर

हा अडाणीपणा आहे. मी बीएस्सी आहे.

दादा-वहिनी गेले. आई म्हणाली, मी राहते, ते इथं हायेत तर. आई या घरी चार दिवस राहायला आजवर तयार नव्हती. म्हणजे अष्टमी यशस्वीच झाली म्हणायची. नाचोला वरची खोली दिली आहे.

१७ सप्टेंबर

नाचोने माझ्या चादरीवर ओकलं. पिवळं, फेसाळ, आत केसांची गुंडाळी आणि पालीचं शेपूट. पुसताना माझे डोळे भरून आले ते वासाने. आई म्हणाली, म्हशीचं दूध सोसत नव्हतं त्यांना, गाईचं आण. आणलं.

दुपारी घरात कुणी नव्हतं. वरच्या खोलीत गेलो. दार लावून घेतलं आणि म्हणालो, अण्णा, मी क्वालिटी हेड झालो होतो. तुम्ही गेल्यावर दोन महिन्यांनी. सांगायचं राहिलं होतं. नाचोने जांभई दिली. पण उठून गेला नाही. उठून गेला नाही हे महत्त्वाचं आहे.

याला श्रद्धा म्हणता येणार नाही. ट्रायल.

१९ सप्टेंबर

आज नाचो माझ्या पायाला अंग घासून गेला. दोन वेळा. त्यानंतर माझी पँट केसांनी भरली, ती झटकली नाही. खोलीत पंखा लावून ठेवला आहे.

मोमोची घंटा काढली. आवाजाने त्यांची झोपमोड होते.

२१ सप्टेंबर, सर्वपित्री

दादा आईला भेटायला आला. येताना सुकट भाजून आणली होती. अमावस्येला सुकट, पण आई म्हणाली, त्यांच्यापुरती चालते. नाचो वरच्या खोलीतून धावत खाली आला. सात महिन्यांत हा बोका धावलेला मी पाहिला नव्हता. सुकट खाल्ली, दादाच्या मांडीवर लोळला, घुरघुरला. घुरघुरतो हे मला माहीतच नव्हतं.

चारला दादा निघाला. पिकअपचं दार उघडलं तर नाचो आधीच सीटवर. दादाने खाली ठेवला, पुन्हा वर. आई म्हणाली, जाऊ दे गोरख, भात निसवायला आलाय, त्यांचं चित्त इथं लागत नाय. आणि पिशवी भरायला लागली, कारण ते जाणार म्हणजे तीही जाणार. मोमोलाही नेलं, सोबत लागते म्हणून. वेदिकाला फोन केला तर म्हणाली, बाबा, किती छान, शेतात मजा येईल त्यांना.

मी म्हणालो, एक दिवस राहू द्या, उद्या मी आणून सोडतो. दादा म्हणाला, कशाला, गाडी चाललीच हाय की. गाडी वळेपर्यंत गेटवर उभा होतो. नाचो समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होता.

सायंकाळी ७

दोन्ही मांजरं घराबाहेर. संकल्प पूर्ण, मुदतीपेक्षा फक्त एक आठवडा उशीर. घर स्वच्छ, वास नाही, ताक पुन्हा सुरू करायला हरकत नाही.

दादाचा फोन आला. पोचले. अण्णा शेतावर चक्कर मारून आले, जेवले आणि ओट्यावर झोपले.

योगिनी वरच्या खोलीत आली. म्हणाली, इथे अंधारात काय करताय, आणि डोळ्यांना काय झालं? ऍलर्जी, मांजराच्या केसांची, म्हणालो. ती म्हणाली, मांजरं तर गेली. मी म्हणालो, केस राहतात मागे. महिनोन्महिने राहतात.