गोकुळाताई, तुझ्या अर्जावर मी सही केली नाही

प्रिय गोकुळाताई,

तू गेल्याला आज तेरा दिवस झाले. आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा ठेवली आहे आणि माईक नेहमीप्रमाणे माझ्याच हातात आहे. पण आज भाषण नाही. तुला पत्र लिहून आणलं आहे, तेच वाचते.

समोर कोण बसलंय सांगू? ज्यांच्या घरी म्हातारं माणूस अंथरुणावर आहे, किंवा कालपर्यंत होतं, ते सगळे. कुणाच्या आईला तू न्हाऊ घातलंस, कुणाच्या सासऱ्यांना भरवलंस. या सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे: "मॅडम, आजकाल चांगली बाई मिळतच नाही हो!" अगं, आत येता येता दोघींनी मला तुझ्या भाचीचा नंबर मागितला. तुझ्या शोकसभेत!

मिळत नाही म्हणतात. मिळाली होती, तेव्हा आपण काय केलं?

नवरा गेल्यावर तू तेल्हाऱ्याजवळचं गाव सोडून अमरावतीला आलीस. मुलगा चाकणला कंपनीत, चौघांत मिळून एका खोलीत राहणारा. तो तुला नेणार कुठे? आमच्याकडे आलीस तेव्हा माझ्या वडिलांना, आबांना, लकवा होऊन महिना झाला होता. जन्मभर हेडमास्तर. उजवी बाजू गेली तरी हुकूम सोडणं गेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तू त्यांना म्हणालीस, "आबाजी, कड पलटा, नाईतर मीच पलटवतो."

"मारून टाकशीन मले!" आबा ओरडले.

"मारलं त माहा पगार कोन देईन?"

आबा हसले. त्या महिन्यात पहिल्यांदा.

सहा वर्षं! दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ पुसायची, चादरीची सुरकुतीसुद्धा राहू द्यायची नाही. आबांच्या पाठीवर शेवटपर्यंत एक जखम झाली नाही. आणि त्या सहा वर्षांत मी कुठे होते? अकोल्याला, धामणगावला, असंघटित कामगारांच्या सभांमध्ये. सामाजिक सुरक्षेवर बोलत होते! टाळ्या घेत होते! तू घरी होतीस म्हणून मी त्या व्यासपीठावर होते, हे मात्र माझ्या एकाही भाषणात आलं नाही.

मग एक दिवस तू कागद आणलास. घरकामगार म्हणून नाव नोंदवायचा अर्ज. बाकी सगळं तुझ्याकडे तयार होतं. जिथे काम करतेस त्या घराची सही तेवढी हवी होती. मी म्हणाले, "अगं, तू घरचीच आहेस. तुला कशाला हवा कागद?"

किती गोड वाक्य, नाही? आपल्या सगळ्यांच्या तोंडी असतं ते. त्याच्यापुढे समोरच्या बाईला काही बोलताच येत नाही. तुला मात्र आलं! तू म्हणालीस, "घरचीच हाय त रेशनकार्डात नाव टाका ना मंग माहं!"

मी हसून वेळ मारून नेली. पुण्याच्या भावाला फोन केला. तो म्हणाला, "सही-बिही देऊ नकोस. उद्या हक्क सांगेल." हेच त्याने एखाद्या सभेत म्हटलं असतं तर मी त्याला उभा फाडला असता. फोनवर मी फक्त "बघू" म्हणाले. मग दिवाळी झाली की बघू, आबांना बरं वाटलं की बघू, असं दोन वर्षं चाललं.

आबा गेले आणि मी तुला घेऊन कामगार कार्यालयात गेले. खिडकीतल्या माणसाने तुझं आधार कार्ड पाहिलं. "साठ पूर्ण झाली मॅडम. आता नोंद होत नाही." मी त्याच्याशी अर्धा तास भांडले. घटना काढली, कायदा काढला. तू बाकावर बसून ऐकत होतीस. परतताना ऑटोत म्हणालीस, "मॅडम, तुमी लय मस्त बोलता. दोन वर्सं आधी चूप बसून सही केली असती, त बोलाचं कामच नोतं."

त्या नोंदीने तुझं म्हातारपण सुखाचं झालं असतं का? नाही. तिच्यातून मिळतं ते तोकडंच आहे, मला माहीत आहे. पण तू कामगार होतीस, हे कुठेतरी लिहिलेलं राहिलं असतं. आबांनंतर या कॉलनीतल्या घराघरांत माणसं उचलून उचलून तुझी कंबर गेली, तेव्हा दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं, "व्यवसाय: काही नाही." काही नाही! सरकारी मदतीसाठी गावाकडे तालुक्याला गेलीस तर म्हणाले, तुम्ही राहता अमरावतीला. अमरावतीत म्हणाले, तुमचा पत्ता तिकडचा. मग या देशात गोकुळाबाई राहत तरी कुठे होती?

शेवटी तू गावी भावाकडे गेलीस; गेल्या महिन्यात तिथे तुला भेटायला आले. भावजय कापूस वेचायला गेलेली. तिचाही नाइलाज, दिवसाची मजुरी बुडवून ती घरी कशी बसेल? तू सकाळपासून एकाच कुशीवर पडून होतीस. म्हणालीस, "पाहा माही पाठ. आबाजीले एक फोड येऊ देल्ला नाई मी." आणि मग हळूच, "मले जरा पलटवता का?"

मला ते आलं नाही गं. सहा वर्षं माझ्या घरात रोज होत होतं आणि मी एकदाही हात लावून शिकले नव्हते. वेदनेत तूच मला शिकवत राहिलीस, "गुडघा वाकवा माहा. आता खांद्याले धरा. ओढू नका, लोटा."

तुझाही राग येतो मला. तू कामावर येत का राहिलीस? एक दिवस यायचंच नाही! आबांना माझ्या हवाली करून गावी निघून जायचं. दुपारपर्यंत सही मिळाली असती तुला!

आता समोरच्यांशी दोन शब्द. दाराजवळच्या टेबलावर नोंदणीचे अर्ज ठेवले आहेत. पत्र छान होतं, हे सांगायला कुणी माझ्याकडे येऊ नका. टेबलाशी जा. तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईचं नाव लिहा आणि मालकाच्या रकान्यात सही करा. आज, हॉल सोडायच्या आधी. घरी विचारून सांगतो म्हणू नका. तिचं वय तुमच्यासाठी थांबणार नाही.

गोकुळाताई, हे सगळे अर्ज घेऊन सोमवारी मी स्वतः त्या खिडकीशी जाईन आणि प्रत्येकीची नोंद झाल्याशिवाय तिथून हलणार नाही. सगळ्यात वरचा अर्ज माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मंदाचा आहे. त्यावर माझी सही झाली आहे.

तुझी मालकीण,
सुनीता