चिंच, बगळे आणि भाऊजींची सही

मी, पुष्पांजली शांतवन हिवराळे, वय ७१, निवृत्त परिचारिका, राहणार पिंपळगाव राजा, तालुका खामगाव, जिल्हा बुलडाणा, प्रभू येशूवर विश्वास ठेवून आणि माणसांवर जरा नजर ठेवून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला ते लागत नाहीत. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ज्यांनी आणून पाहिला, त्यांचा उल्लेख पुढे येईल.

१. घर. पूर्वेस धाकटे दीर दयाराम यांचे घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस शेजारीण सिंधूताईंची भिंत, उत्तरेस अंगण व त्यातली चिंच. वरच्या बाजूस बगळे राहतात, हेही नोंदवून ठेवते. नोकरीत जन्मभर सरकारी खोल्यांतून बिऱ्हाड हलवले, तेव्हा कुठे हे घर झाले. ते मी मुलगी मार्था हिला देते. ती खामगावला शिक्षिका आहे आणि इथे येऊन राहायला तयार आहे.

२. बँकेतली ठेव मुलगा संदेश याला. तो मला पुण्याला ये म्हणतो, त्याच्या फ्लॅटला बाल्कनी आहे म्हणतो. मी पाहून आले. बाल्कनीत एक कोरफड आहे आणि समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे. लेकरू मायाळू आहे, पण मला तिथे करमत नाही.

३. मला माती इथल्याच कबरस्तानात, माझे पती शांतवन यांच्या शेजारी द्यावी. वर सिमेंट ओतू नये, गवत उगवू द्यावे. मी फार गोड स्वभावाची होते असे पाळकसाहेबांनी सांगू नये. मंडळी हसेल आणि उपासनेचा विचका होईल.

४. आता चिंच. पावसाळा लागला की तिच्यावर बगळे घरटी करतात. वास येतो, हे मी मान्य करते. दयाराम भाऊजी आमच्या मंडळीचे एल्डर, म्हणजे चर्चचे वडील कारभारी आहेत. रविवारी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते चिंचेखालून निघतात आणि चर्चला पोचेपर्यंत शर्टावर नक्षी झालेली असते. जून ते सप्टेंबर त्यांच्या प्रार्थनेत क्षमेचा विषय निघत नाही.

पण देवाने पाखरे पाचव्या दिवशी केली आणि माणूस सहाव्या. म्हणजे कब्जा त्यांचा जुना. शिवाय शांतवन गेले त्या पावसाळ्यात घरात बोलायला कोणी नव्हते, आणि वर मात्र दिवसभर भांडणे चालली होती. त्या कलकलाटाने मला जगवले. ही चिंच तुटली तर माझे घर तुटले, इतके सरळ लिहिते.

तरीही गेल्या नाताळात जेवणे झाल्यावर भाऊजींनी पाळकसाहेबांसमोर विषय काढला. "वहिनी, तेवढी चिंचेची जागा माह्या नावानं करून द्या. झाड पाडून शेड टाकतो, गाडी सावलीत राहीन." सावलीसाठी झाड पाडणारा माणूस मी प्रथमच पाहिला. पण पुरणपोळी जरा जास्त झाली होती, सुस्ती आली होती, मी हो म्हणून बसले. शब्द दिला तो दिला. म्हणून चिंचेची जागा, झाडासकट, मी दयाराम यांना देते.

५. यातली कोणतीही देणगी कायद्याने निष्फळ ठरल्यास ती मार्थाला जावी. हे कलम वकील रुपालीताईंनी सुचवले. त्यांनी आणखी एक सांगितले: आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्यातून दिलेले काही मिळत नाही. सिंधूताई साक्षीदार आहेत, म्हणून त्यांना द्यायचे पितळी पातेले आज सकाळीच त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवले.

६. दुसरी सही शाळेच्या हेडमास्तरांची ठरली होती. ते येऊन बसले, तेवढ्यात भाऊजी आले. मंडळीच्या कोणत्याही कागदावर पहिली सही त्यांची असते, मग तो लग्नाचा असो की सतरंज्यांच्या पावतीचा. ते म्हणाले, "घरच्या कागदावर परक्याची सही काऊन घेता? मी मेलो काय?"

मी म्हटले, "भाऊजी, आधी वाचा. तुमच्या फायद्याचं आहे."

"मले काय वाचाचं त्यात? भरोसा हाय तुमच्यावर."

"वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला..."

"वकीलबाई कालची पोरगी हाय. मी चाळीस वर्सांपासून सह्या करून राह्यलो. आणा पेन."

सिंधूताईंनी पदर तोंडाला लावला. हेडमास्तर चहा पिऊन गेले. मी हे कलम लिहीत आहे आणि भाऊजी समोर बसून पेनाचे टोपण उघडून तयार आहेत. शांतवनची मोठी काळी छत्री मी त्यांना आताच, या कागदाबाहेर, हातात दिली आहे. पुढच्या रविवारी उपयोगी पडेल.

कायद्याने माझी सही आधी, यावर भाऊजी थोडे हिरमुसले आहेत.

पिंपळगाव राजा, रविवार, १८ ऑगस्ट २०२४

लिहून देणार: पुष्पांजली शांतवन हिवराळे

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमक्ष सह्या केल्या:
१) दयाराम हिवराळे, एल्डर (न वाचता, स्वखुशीने)
२) सिंधूताई तायडे (दोनदा वाचून)